हयातीचा दाखला

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या डाव्या गुडघ्याला ऑटोमॅटिक गाडीचे फायदे समजावून सांगावे लागत नाहीत. राजाराम पुलापासून स्वारगेटपर्यंत हाफ क्लचवर सरपटत गेलेला तो गुडघा असतो. क्लच दाबा, पहिला टाका, दोन फूट सरका, न्यूट्रल करा, पुढच्या रिक्षाच्या पाठीवरचा सुविचार वाचा, पुन्हा क्लच दाबा. अशा गुडघ्याच्या मालकानं एके दिवशी घरी येऊन ‘आता पुढची गाडी ऑटोमॅटिक’ असं जाहीर केलं, तर त्याला चैन म्हणू नये. ते पथ्य आहे.

त्यामुळे न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्यानं फोनवर सांगितलं की, तो त्याच्या गाडीतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून तिथे क्लचवाला, हातानं टाकायचा गिअरबॉक्स बसवतोय, तेव्हा गुडघ्यानं माझ्याआधी आक्षेप नोंदवला.

“बिघडलाय का तो?” मी विचारलं.

“छे, मामा. ठणठणीत आहे.”

“मग?”

“तो सगळं स्वतःच करतो. मला काही करूच देत नाही.”

इतक्या मोठ्या गुणाबद्दल कुणाला घराबाहेर काढल्याचं मी प्रथमच ऐकत होतो.

पण हे वेड अमेरिकेतच शोभतं. क्लचच्या पेडलपासून माणसाची सुटका घाऊक प्रमाणावर केली तीही तिथेच. १९३९ मध्ये ओल्ड्समोबिलनं पुढच्या सालच्या गाड्यांसाठी हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स आणला आणि मग बघता बघता त्या देशानं आपला डावा पाय मोकळा करून घेतला. १९८० च्या सुमारास तिथल्या नव्या गाड्यांपैकी साधारण एकतृतीयांश तरी हातानं गिअर टाकायच्या होत्या. आता शंभरात एकदोन निघाल्या तर निघाल्या. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकानं २०१० मध्ये मॅन्युअल वाचवा अशी मोहीमच काढली होती, आपल्याकडे वाघ वाचवतात तशी. तिथला लाडका विनोद असा की, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप लावायची गरज नाही, क्लच असला की पुरे. चोराला चालवताच येत नाही. एखादी गोष्ट इतकी दुर्मीळ झाली की तिची हौस सुरू होते. आपल्याकडे पाटावरवंट्याचं झालं, तिकडे क्लचचं झालं.

भाच्याची गाडी बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीतली, म्हणजे १९९८ ते २००६ च्या दरम्यान बनलेल्या थ्री सिरीजपैकी. गाडी बव्हेरियाची, तिच्यातला पाच गिअरचा ऑटोमॅटिक मात्र जनरल मोटर्सनं फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला बनवलेला. हीच गाडी कारखान्यातून क्लचसकटही मिळत असे, आणि असल्या उद्योगात तेच सगळ्यात मोठं भाग्य. क्लचच्या पेडलची जागा, गिअरच्या दांडीचा बोगदा, बोल्टांची भोकं, सगळी तरतूद पत्र्यात आधीच असते. भंगारात गेलेली जुळी बहीण शोधायची आणि तिचे अवयव आणायचे.

लोखंडाच्या कामाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं फार नाही. घाम आहे, ग्रीस आहे, वर बसलेला एक असा बोल्ट आहे की ज्याच्यापर्यंत हात पोचवायला माणसाला जादा कोपर लागतं. तेलावर फिरणारा टॉर्क कन्व्हर्टर काढायचा, त्याच्या जागी जड फ्लायव्हील, क्लचची प्लेट, प्रेशर प्लेट. क्रँकशाफ्टच्या टोकाला एक चिमुकलं बेअरिंग ठोकायचं, जे विसरलं तर सगळं पुन्हा उतरवायचं. पेडलांचा सांगाडा बदलायचा, क्लचचा मास्टर सिलिंडर आणि त्याची नळी ओढायची, त्याला ब्रेक ऑइलच्याच डबीतून तेल द्यायचं. प्रॉपेलर शाफ्टची लांबी वेगळी, तोही बदलायचा. गिअरबॉक्सचं तेल गार करणाऱ्या नळ्या आता बेकार झाल्या, त्या काढून टाकायच्या. भाचा आणि त्याचा गुंटूरचा मित्र यांनी हे सगळं भाड्याच्या घराच्या गराजमध्ये, व्हिडिओ कॉलवर मला अधूनमधून दर्शन देत पार पाडलं. दोघांच्या चेहऱ्यावर समान काळं आणि समान समाधान होतं.

“झालं, मामा!” तो म्हणाला. “बसवला.”

त्यानं किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले. आणि सेल्फ लागला नाही. कुरकुर नाही, टिकटिक नाही. इंजिन थंड शांत. खरी गोष्ट इथून सुरू होते.

ऑटोमॅटिक गाडी सुरू करायची तर दांडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असावी लागते. गिअरमध्ये असताना सेल्फ मारला तर गाडी समोरच्या भिंतीत जाईल, म्हणून ही अट. जुन्या गाड्यांत या अटीची अंमलबजावणी एक साधा स्विच करायचा. गिअरबॉक्सच्या कुशीत बसलेला, सेल्फच्या वायरीत मध्येच टाकलेला. गिअरबॉक्स काढला की स्विच गेला. मग त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की काम झालं. नाना पेठेतला कुठलाही वायरमन चहा निवायच्या आत करून देईल. पण ई-४६ मध्ये तो स्विच वीज अडवत नाही, तो निरोप देतो. किल्ली खरी की खोटी हे तपासणारं चोरीप्रतिबंधक यंत्र गिअरबॉक्सच्या संगणकाला विचारतं, ‘पार्कमध्ये आहात ना?’ आणि ‘हो’ आल्याशिवाय सेल्फला परवानगी देत नाही. आता गिअरबॉक्स न्यू जर्सीच्या गराजमध्ये एका कोपऱ्यात जुन्या चादरीवर पडलेला. तो ‘हो’ म्हणणार कुठून?

असल्या अटींमागे इतिहास असतो, हे मला भाच्यापेक्षा जास्त आवडलं. ब्रेक दाबल्याशिवाय दांडी पार्कमधून हलत नाही, ही अट घ्या. १९८६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात ऑडी ५००० ही गाडी आपोआप सुसाट पळते, असं दाखवलं आणि तिथला ऑडीचा खप कोसळला. १९८९ मध्ये सरकारी तपासणीचा निष्कर्ष आला तो असा की, बहुतेक वेळा लोकांनी ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला होता. तोवर ऑडीनं ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडी न हलण्याची कडी बसवली होती आणि पुढे ती सगळ्यांनीच बसवली. माणसाचा पाय चुकतो, म्हणून यंत्रानं पायाची साक्ष काढायची. ती दांडी किल्लीलाही बांधलेली असते. गाडी पार्कमध्ये आणल्याशिवाय किल्ली कुलपातून निघत नाही. भाच्याच्या गाडीत आता पार्क नावाची जागाच उरली नव्हती, त्यामुळे आत गेलेली किल्ली बाहेर यायला तयार होईना. गाडी सुरू होत नाही आणि किल्ली सोडत नाही. गुंटूरच्या मित्रानं कुलपाजवळची केबल शोधून सोडवली, तेव्हा निदान किल्ली घरी जेवायला येऊ शकली.

हे ऐकताना मला राहून राहून बँकेची आठवण येत होती. आमचे तीर्थरूप निवृत्त झाल्यावर दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देत असत. निवृत्तिवेतन हवं तर आपण जिवंत आहोत हे कागदावर सांगावं लागतं. समोर धडधाकट उभं राहून, खोकून, काउंटरवर हात आपटून सांगितलं तरी तो पुरावा धरला जात नाही. २०१४ पासून हे ‘जीवन प्रमाण’ म्हणून बोटाच्या ठशावर होऊ लागलं, तरी मुद्दा तोच. दप्तराला माणूस दिसत नाही, नोंद दिसते.

आधुनिक गाडी म्हणजे असलंच एक दप्तर आहे, फक्त तिथे हयातीचा दाखला वर्षातून एकदा मागत नाहीत, दर काही मिलिसेकंदांनी मागतात. इंजिनाचा संगणक वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, डॅशबोर्डचा वेगळा. पूर्वी यांच्यात एकास एक वायरी असत आणि त्यांचा जुडगा मनगटाएवढा होऊ लागला. म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९८३ पासून काम करून १९८६ मध्ये डेट्रॉइटला एक पद्धत जाहीर केली. दोनच वायरी, आणि त्यांच्यावर सगळ्यांनी आपापलं म्हणणं मोठ्यानं सांगत राहायचं. कुणी कुणाला नाव घेऊन बोलवत नाही. ज्याला ज्यात रस असेल त्यानं ते ऐकावं. तिला कॅन बस म्हणतात. या दोन वायरींवर गिअरबॉक्स अखंड सांगत असतो, मी आहे, मी तिसऱ्यात आहे, तेल इतकं तापलंय, मी आहे. हा आवाज ठरलेल्या वेळात आला नाही की बाकीचे टेबलावरून मान वर करतात. इंजिनाचा संगणक नोंद करतो, ‘यू-०१०१, गिअरबॉक्सच्या संगणकाशी संपर्क तुटला.’ पाठोपाठ ‘पी-०७००, गिअरबॉक्सच्या यंत्रणेत दोष.’ डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. काही गाड्या तर घाबरून इंजिनाची ताकदच आवळतात. मेकॅनिक लोक म्हणतात गाडी लिंप मोडमध्ये गेली. अंगात जोर आहे, पण दाखला न आल्यामुळे वेतन थांबलंय.

इथे कुणालाही वाटेल की एवढा आरडाओरडा कशाला, इंजिनाला गिअरबॉक्सची एवढी काय पडली आहे? मलाही वाटलं होतं. पण त्या दोघांचा संसार आतून बघितला तर मन हेलावतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर बदलायच्या बेतात असला की इंजिनाला सांगतो, ‘क्षणभर जोर कमी कर.’ इंजिन ठिणगीची वेळ मागे घेऊन सेकंदाचा एक लहानसा अंश ताकद आवरतं, गिअर बदलतो, ताकद परत येते, आणि मागच्या सीटवर झोपलेल्या आजीला काही कळत नाही. दांडी ड्राइव्हमध्ये आली की इंजिनावर उभ्याउभ्याच भार येतो, म्हणून ते आधीच थोडी जास्त हवा घेऊन तयार राहतं. क्रूझ कंट्रोलवर चढ लागला की दोघं मिळून कोणता गिअर ते ठरवतात. गाडी चालवणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं आणि तो पुलावरच्या टोलबद्दल कुरकुरत असतो.

क्लच आला की हे सगळं बदलतं. आता गिअर बदलायचा निर्णय एका माणसाच्या पायात आहे, आणि तो पाय कॅन बसवर बोलत नाही. त्यानं बोलावं म्हणून क्लचच्या पेडलपाशी एक स्विच असतो. तो बसवला नाही तर मजा होते. क्रूझ कंट्रोल लावून निवांत चाललेल्या माणसानं क्लच दाबला की इंजिनावरचा भार सुटतो, क्रूझला कुणी थांबायला सांगितलेलं नसतं, वेग पडतोय असं वाटून ते आणखी पेट्रोल देतं, आणि इंजिन किंचाळत सुटतं. मॅन्युअल गाडीसाठी शिकवलेला संगणक क्लच दाबताक्षणी आयडल सांभाळायला धावतो. ऑटोमॅटिकचा संगणक आपल्या जुन्या जोडीदाराची वाट बघत बसतो आणि सिग्नलला गाडी बंद पडते. मागे जाताना लागणारे पांढरे दिवेसुद्धा गिअरबॉक्सच्या सांगण्यावरूनच लागायचे. नव्या गिअरबॉक्सवर त्यासाठी एक साधा, दोन वायरींचा स्विच असतो, पण त्याच्या वायरी कुठे न्यायच्या हे शोधायला वायरिंगचा नकाशा मांडीवर घेऊन बसावं लागतं. पुष्कळ जपानी आणि अमेरिकन गाड्यांत वेगाचा आकडा गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवरून येतो. तिथे गिअरबॉक्स बदलला की स्पीडोमीटरचा काटा शून्यावर झोपतो, आणि माणूस पोलिसाला प्रामाणिकपणे सांगू शकतो की, मी उभाच होतो. ई-४६ वेग चाकांवरच्या सेन्सरांकडून घेते, तेवढा एक ताप भाच्याचा वाचला.

आता या दप्तरापुढे करायचं काय? या व्यवसायात दोन पंथ आहेत.

पहिला पंथ खोट्या दाखल्याचा. गिअरबॉक्सच्या पोटात तेलाचे रस्ते उघडणारी-मिटणारी विजेची वेटोळी असतात, त्यांना सोलेनॉइड म्हणतात. संगणक त्यांच्यातून वीज सोडून पाहतो. पलीकडे वीसतीस ओहमचा विरोध जाणवला की त्याला वाटतं, सोलेनॉइड जागेवर आहे. मग हुशार माणसं काय करतात, तर गिअरबॉक्स काढून टाकतात आणि वायरीच्या टोकाला तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर जोडतात. संगणक खूश. फक्त हिशेब नीट करावा लागतो. बारा व्होल्टला वीस ओहम लावले तर सात वॅटच्या वर उष्णता तयार होते; दुकानातून चार आण्याचा पाव वॅटचा रेझिस्टर आणला तर तो धूर काढून आपला खोटेपणा कबूल करतो. अॅल्युमिनियमच्या कवचाचे, धातूच्या पत्र्यावर आवळलेले जाड रेझिस्टर लावावे लागतात. जुन्या, साध्या गाड्यांत हे चालून जातं.

पण खोट्या दाखल्याची अडचण सर्वत्र एकच असते. तो एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि दप्तर दुसरा प्रश्न विचारतं. जरा शहाणा संगणक वायर आहे की नाही एवढ्यावर समाधान मानत नाही. इंजिनाचे फेरे इतके, बाहेरच्या शाफ्टचे फेरे तितके, मग भागाकार तिसऱ्या गिअरचा का येत नाही? रेझिस्टरला भागाकार येत नाही. ‘गिअरचं गुणोत्तर चुकीचं’ अशी नोंद होते, ‘पी-०७३०’. यावर उपाय म्हणून आता लहान डब्या मिळतात, ज्या कॅन बसवर बसून गेलेल्या गिअरबॉक्सच्या आवाजात बोलतात: मी आहे, पार्कमध्ये आहे, तेल छान आहे, मी आहे. तंत्र म्हणून मी त्यांचं कौतुक करतो. तरी रात्री अंधाऱ्या गराजमध्ये किल्ली फिरवली की, कोपऱ्यात चादरीवर पडलेल्याच्या आवाजात एक डबी बोलू लागते, ही कल्पना मला जेवणानंतर नको वाटते.

दुसरा पंथ नाव कमी करण्याचा, आणि भाचा त्या पंथाचा. मलाही तोच पटतो, कारण त्यात दप्तराचा मान राहतो. बीएमडब्ल्यूची गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्याबरोबर एक यादी निघते. कोणत्या देशासाठी, कोणता रंग, सनरूफ आहे का, सीट गरम होतात का. प्रत्येक गोष्टीला एक आकडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा आकडा २०५. ही यादी गाडीतच, एकाहून जास्त संगणकांत लिहून ठेवलेली असते आणि बाकीचे संगणक कसं वागायचं ते तिच्यावरूनच ठरवतात. गिअरबॉक्स काढला हे गाडीला पटवायचं तर गिअरबॉक्स दाखवून उपयोग नाही, यादीतून २०५ खोडावा लागतो. आणि जिथे जिथे यादीची प्रत आहे तिथे तिथे खोडावा लागतो, कारण दोन प्रती जुळल्या नाहीत तर काय होतं, हे रेशनकार्डावर आणि सातबारावर वेगवेगळं आडनाव असलेल्या कुणालाही विचारा.

हे खोडण्याचं सॉफ्टवेअर कारखान्याच्या आतल्या वापरासाठी जर्मनांनी बनवलेलं. ते हौशी लोकांच्या हाती कसं लागलं हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. ते जुन्या विंडोजवरच नीट चालतं, म्हणून भाच्यानं गुंटूरच्या मित्राच्या बहिणीचा कॉलेजातला लॅपटॉप पैदा केला. सॉफ्टवेअरमधलं सगळं जर्मनमध्ये, आखूड केलेल्या शब्दांत. हे ‘आक्टिफ’, ते ‘निश्ट आक्टिफ’. एक मराठी आणि एक तेलुगू मुलगा अमेरिकेत बसून जर्मन गाडीला जर्मनमध्ये सांगत होते की, फ्रान्समध्ये बनलेला तो आता राहिला नाही. गाडीच्या बॅटरीला चार्जर लावून ठेवला होता, कारण लिहिता लिहिता वीज कमी पडली तर तो संगणक धड ऑटोमॅटिकही राहत नाही आणि मॅन्युअलही होत नाही. मला फोनवर गप्प राहायची सूचना होती. घरात मुंजीच्या वेळीसुद्धा मी इतका गप्प बसलो नव्हतो.

यादी बदलली. डॅशबोर्डवरचं पार्क-रिव्हर्स-न्यूट्रल दाखवणारं चौकोनी अक्षर विझलं. दात्यांच्या चाकाचं इशारा देणारं चित्र विझलं. इंजिनाच्या संगणकाचा बदल वेगळा, तो निराळ्या सॉफ्टवेअरनं करावा लागला. त्याच्या आत मॅन्युअलचा धडा असतोच, तो पान उलटून दाखवावा लागतो. चोरीप्रतिबंधक यंत्रानं आता पार्कची चौकशी सोडली आणि सेल्फ लागला. फोनवर आधी इंजिन ऐकू आलं, मग दोन मुलांची आरोळी, मग शेजारच्या घरातला कुत्रा.

ज्यांच्या गाडीला असं दुसरं नाव उपलब्धच नसतं, त्यांची फरफट वेगळी. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया घ्या. अमेरिकन पोलिसांची ती लांबलचक गाडी, कॅनडात ओंटारिओमधल्या सेंट थॉमसला २०११ पर्यंत बनत होती आणि शेवटपर्यंत ऑटोमॅटिकच. निवृत्त पोलिसगाडी लिलावात घेऊन तिला क्लच लावणाऱ्यांचा एक सुखी वर्ग आहे. त्यांच्या दप्तरात मॅन्युअल असं पानच नाही. पण त्याच घराण्याचं ४.६ लिटरचं व्ही-आठ इंजिन मस्टँगला होतं आणि मस्टँगला क्लच होता. तेव्हा चुलत भावाचे कागद उसने आणायचे. मस्टँगचा संगणक बसवायचा, किंवा आपल्याच संगणकात तिच्या धर्तीचा धडा भरायचा. पोलिसाची गाडी तरुणाच्या नावावर धावते.

आणि फेरारीवाले तर या सगळ्यांवर ताण करतात. १९९७ मध्ये फेरारीनं एफ-३५५ बरोबर स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलणारी यंत्रणा दिली तेव्हा लोकांनी ती कौतुकानं जादा पैसे मोजून घेतली. गिअरबॉक्स मुळात साधाच होता, क्लच दाबणारा यांत्रिक पाय आणि दांडी हलवणारा यांत्रिक हात तेवढे वरून लावले होते. आता एफ-४३० सारख्या गाड्यांचे मालक टेक्ससमधल्या कारागिरांकडे जाऊन भरपूर पैसे मोजून तो पाय आणि तो हात काढून टाकतात, खाचांच्या जाळीतून खट्‌कन सरकणारी दांडी बसवून घेतात, आणि गाडीची किंमत वाढते. एकाच सोयीचे दोनदा पैसे, येतानाही आणि जातानाही. असं फक्त श्रीमंतांना जमतं आणि मंगल कार्यालयवाल्यांना.

मी हे सगळं आमच्या गॅरेजवाल्या भाऊंना सांगितलं. ते एका हॅचबॅकखाली आडवे होते. आपल्याकडच्या स्वस्त ऑटोमॅटिकचा, एएमटीचा, त्यांना चांगला परिचय. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर तो आला तेव्हापासून त्यांनी शेकडो पाहिले असतील. तोही मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, वर यांत्रिक हातपाय.

“म्हणजे भाऊ, हातपाय काढले की खाली मॅन्युअल तयारच आहे,” मी म्हटलं.

भाऊ खालून म्हणाले, “काढतो की. पण तुमच्या गाडीच्या मेंदूला कोण सांगणार? आणि साहेब, इथं लोक उलटं करून मागायला येतात. मॅन्युअलची ऑटोमॅटिक करून द्या म्हणतात. त्यांना पण नाही म्हणतो. आरटीओ हाय ना वर.”

भाऊंचं बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. म्हणजे गाडीच्या पोटातलं दप्तर जिंकलं तरी गाडीबाहेरचं दप्तर बाकी राहतं. मला हे ऐकून बरं वाटलं. गुडघ्याला तर फारच.

न्यू जर्सीतही बाहेरचं दप्तर आहे, पण त्याचा सूर निराळा. दोन वर्षांतून एकदा तपासणी केंद्रात जायचं. तिथला माणूस स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खुपसतो आणि धुराबद्दल गाडीलाच विचारतो. १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना ही सोय आहे. पिवळा दिवा लागलेला असेल तर नापास. गाडीत गिअरबॉक्स कोणता, हे तो बघतही नाही. खोट्या दाखल्यावर चाललेली गाडी तिथे कधीकधी अडकते, कारण गेलेल्या गिअरबॉक्सची चौकशी कुठल्या तरी कोपऱ्यात चालूच असते. भाच्याच्या गाडीनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. तपासनीस गाडी पुढे घ्यायला आत बसला, पायांकडे बघितलं, तीन पेडलं मोजली आणि उतरून आतल्या एका पांढऱ्या केसांच्या सहकाऱ्याला हाक मारली. तो सहकारी हसत आला आणि कुणाच्याही आग्रहाविना गाडी गरजेपेक्षा एक गिअर जास्त टाकून पुढे नेली.

काही खोड्या उरल्याच. अॅक्सिलरेटर सोडला तरी फेरे उतरायला इंजिन जरासा वेळ घेतं, धुराचे नियम पाळायची त्याची ती रीत आहे. भाच्याला ते आवडत नाही, मला ते सभ्य वाटतं. बहीण सुट्टीत तिकडे गेली तेव्हा तिला गाडीत बसवून त्यानं चढावर हँडब्रेक लावून सुटायचं दाखवलं. ती म्हणाली, “हे तर मी फियाटवर शिकले होते. एवढा खर्च करून तू मागे आलास होय?” त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर उत्तर असण्याची गरजही नाही. माणसं लोणची घरी घालतात, तेव्हा दुकानं बंद असतात म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र गाडीच्या यादीत खोडूनही खोडली गेली नाही. ती यादी जर्मनीत कंपनीच्या नोंदीतही आहे, आणि तिथे २०५ तसाच आहे. सुटे भाग विकणारे लोक चासी नंबरचे शेवटचे सात आकडे टाकून तीच नोंद बघतात. गेल्या महिन्यात भाचा क्लचच्या पेडलचं रबर घ्यायला काउंटरवर गेला. किंमत किरकोळ. काउंटरवरच्या बाईंनी सात आकडे टाकले, पडदा खाली-वर केला आणि सांगितलं की, या गाडीला क्लचचं पेडल नाही.

“बाहेर उभी आहे, बघता का?” भाचा म्हणाला.

बाईंनी बाहेर बघितलं नाही. पडद्यावर नाही म्हणजे नाही. मग भाच्याला आठवलं. ज्या भंगारातल्या गाडीतून गिअरबॉक्स आणला, तिचे सात आकडे त्यानं फोनमध्ये लिहून ठेवले होते. ते दिले. पडद्यावर क्लच उगवला, पेडल उगवलं, रबरही उगवलं. बाईंनी पावती करता करता विचारलं, “ही गाडी तुमचीच ना?”

“काही भाग,” तो म्हणाला.